विभागाचा व्हर्च्युअल सर्व्हर पुन्हा पुन्हा ‘रीड-ओन्ली’ होतोय? रीबूट करण्याआधी हे पाहा

लक्षणं साधारण अशी असतात. विभागाच्या संकेतस्थळाची पानं उघडतात, पण लॉगिन होत नाही. मूडलवर (ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रणालीवर) विद्यार्थ्यांना धडे दिसतात, पण स्वाध्याय जमा करायला गेलं की एरर येते. एसएसएचने (दुरून कमांड चालवण्याच्या सोयीने) सर्व्हरवर शिरता येतं, मात्र साधी रिकामी फाइल बनवायला गेलं तरी ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ हे उत्तर मिळतं, म्हणजे डिस्क वाचता येते पण तिच्यावर लिहिता येत नाही. मग कुणीतरी मशीन रीबूट करतं, सगळं सुरळीत होतं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

विद्यापीठात हे दुखणं फार काळ रेंगाळतं, त्याला कारण आहे. व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, विभागाची असते, तिच्याखालची डिस्क आणि होस्ट (ती ज्यावर चालते ते खरं मशीन) मध्यवर्ती संगणक केंद्राचे असतात. आत काय घडलं ते विभागाला दिसतं, खाली काय घडलं ते केंद्राला दिसतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ असं प्रामाणिकपणे सांगतात. या दोन अर्ध्या चित्रांना जोडणारी एकच गोष्ट असते: बिघाड नेमका किती वाजता सुरू झाला. आणि घाईत केलेला रीबूट नेमकी तीच वेळ पुसून टाकतो.

ती पुसली जाते कशी, हे समजून घ्या. डिस्कवर लिहिताना गंभीर चूक झाली की लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, फाइल सिस्टीमवर लिहिणं बंद करतं. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांच्या एफएसटॅब फाइलमध्ये (कोणती विभाजनं कशी जोडायची याच्या यादीत) मुख्य विभाजनासमोर बहुधा ‘एरर्स=रीमाउंट-आरओ’ असं लिहिलेलंच असतं. ते नसलं तरी एक्स्ट4 या फाइल सिस्टीमचं जर्नल (बदलांची नोंदवही) मोडलं की लेखन थांबतं. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम तर स्वतःलाच बंद करते, आणि वाचायला गेलं तरी इनपुट-आउटपुट एरर देते. हे सगळं डेटा वाचवण्यासाठी असतं. पण डिस्कच लिहू देत नसल्यामुळे ‘आत्ता अमुक झालं’ हा कर्नलचा संदेश लॉग फाइलपर्यंत पोहोचत नाही, तो फक्त मेमरीत राहतो. रीबूट झाला की मेमरी रिकामी. नंतर सिसलॉग (सिस्टीमची लॉग फाइल) उघडलं तर एक मोकळी फट दिसते: रात्री सव्वादोनपर्यंतच्या ओळी, आणि मग थेट सकाळी रीबूट झाल्याच्या.

रीबूटआधीची दहा मिनिटं

मूडल बंद आहे, विभागप्रमुखांचा फोन चालू आहे, आणि अशा वेळी दहा मिनिटं थांबा म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. तरीही ती द्यायलाच हवीत. नाहीतर पुढच्या वेळी हाच गोंधळ परीक्षेच्या आदल्या रात्री होईल.

पहिल्यांदा कर्नलचे संदेश बाहेर काढा. सर्व्हरवर फाइल लिहिता येणार नाही, म्हणून आपल्या संगणकावरून एसएसएचमधूनच कर्नलचे संदेश दाखवणारी डीमेसेज कमांड चालवा आणि तिचं आउटपुट आपल्याच संगणकावरच्या फाइलमध्ये वळवा. मोठ्या टी चा पर्याय जोडला की वेळ माणसाला वाचता येईल अशी दिसते. सर्व्हरवरच काही तात्पुरतं ठेवायचं असेल तर /रन किंवा /डेव्ह/एसएचएम या जागा मेमरीत असतात, तिथे अजूनही लिहिता येतं. त्याच दमात डेट कमांडचं आउटपुटही जपून ठेवा. डीमेसेजची वेळ मशीन सुरू झाल्यापासून मोजलेली असते आणि मधे व्हीएम सस्पेंड झाली असेल तर ती सरकते.

दुसरं म्हणजे, कोणतं विभाजन अडकलंय ते /प्रॉक/माउंट्स या फाइलमध्ये बघा. जुन्या सिस्टीमवर नुसत्या माउंट कमांडवर विसंबू नका. ती /ईटीसी/एमटॅब वाचायची, आणि डिस्क रीड-ओन्ली झाल्यावर ती फाइलही बदलता येत नसल्यामुळे सगळं ‘आरडब्ल्यू’च दिसायचं. आता बहुतेक ठिकाणी एमटॅब हा प्रॉककडे जाणारा दुवा असतो, पण संशोधन प्रकल्पांचे सर्व्हर किती जुने असू शकतात हे विद्यापीठात काम करणाऱ्यांना सांगायला नको.

तिसरी गोष्ट: सिसलॉगमधली शेवटची ओळ किती वाजताची आहे ते टिपा. डीमेसेज हाती लागलं नाही, तर निदान एवढी वेळ तरी मिळते.

‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू’ करून गाडी पुढे ढकलायचा मोह इथे सगळ्यांनाच होतो. जर्नल मोडलेलं असेल तर कर्नल नकारच देतं. समजा दिला नाही, तरी तपासणी न झालेल्या फाइल सिस्टीमवर पुन्हा लिहायला लावणं म्हणजे विद्यार्थ्यांचं काम पणाला लावणं. ते करू नका.

एरर कोणती आहे?

‘सर्व्हरची डिस्क गेली’ या एका तक्रारीखाली तीन वेगळे संदेश लपलेले असतात. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हा व्हीएमच्या आतला प्रश्न आहे: जागा तरी संपली किंवा आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) तरी संपले. ‘इनपुट-आउटपुट एरर’ म्हणजे खालून डिस्कने उत्तर दिलं नाही किंवा चुकीचं दिलं. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ हा बहुतेक वेळा या दुसऱ्याचा परिणाम असतो, म्हणून डीमेसेजमध्ये त्याच्या आधीच्या ओळी वाचाव्या लागतात. ‘टास्क ॲबॉर्ट’, डिस्क रीसेट, अमुक सेक्टरवर आय-ओ एरर अशा ओळी तिथे दिसल्या तर कारण व्हीएमच्या बाहेर आहे. अशी एकही ओळ नसताना थेट एक्स्ट4 ची एरर आली असेल, तर फाइल सिस्टीम आधीपासूनच बिघडलेली आहे. बहुधा मागच्या वेळी रीबूट करून तपासणी न करताच पुढे गेलेले असतात, आणि जुनी जखम पुन्हा उघडते.

आतली जागा संपण्याबद्दल थोडक्यात. डीएफ कमांडने जागा आणि तिच्याच आय पर्यायाने आयनोड पाहा. जागा शिल्लक असून आयनोड संपले असतील तर लाखो छोट्या फाइली कुठेतरी साचल्या आहेत. पीएचपीच्या सेशन फाइलींची जागा कुणी बदलली असेल तर डेबियनची नेहमीची साफसफाई तिथे पोहोचेलच असं नाही. मोठी लॉग फाइल खोडूनही जागा सुटली नसेल तर एखादा प्रोग्राम ती अजून उघडी धरून बसलाय, एलएसओएफ ते दाखवतं. कंटेनर चालवणारं डॉकर असेल तर त्याचे जेसन-फाइल लॉग मर्यादा घातल्याशिवाय वाढतच राहतात. मायएसक्यूएल 8.0 मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंद) मूळ सेटिंगमध्येच चालू असतो आणि 30 दिवस जपला जातो, त्यामुळे सत्राच्या सुरुवातीला मोठी आयात केली की डिस्क अचानक फुगते. ही कारणं शोधायला सोपी आहेत. खरी डोकेदुखी खालच्या थरात असते.

वेळ कॅलेंडरवर ठेवून पाहा

दोन-तीन वेळा बिघाडाची वेळ टिपली की ती वारानुसार मांडा. व्हर्च्युअल होस्टिंगच्या खालच्या थरातली कितीतरी जड कामं ठरलेल्या वेळी चालतात, आणि त्यातली बरीचशी कुणी मुद्दाम ठरवलेली नसून पॅकेजसोबत आलेली असतात.

बिघाड महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर होतो का? डेबियनचं एमडीएडीएम पॅकेज पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमारास रेडची (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचाची) पूर्ण तपासणी सुरू करतं. होस्टच्या खाली सॉफ्टवेअर रेड असेल तर त्या रात्री सगळ्या डिस्क तासन्‌तास वाचल्या जातात. दुसऱ्या रविवारी होतो का? डेबियन-उबुंटूवरच्या झेडएफएस या फाइल सिस्टीमचा स्क्रब (सगळा डेटा वाचून केलेली तपासणी) दुसऱ्या रविवारी रात्री 12:24 ला सुरू होतो. व्हीएम चालवणारं प्रॉक्समॉक्स डेबियनवरच उभं आहे, तेव्हा तिथेही हेच पाहा. सोमवारी पहाटे होत असेल तर एफएसट्रिमचा साप्ताहिक टायमर तपासा; ट्रिम म्हणजे कोणती जागा रिकामी झाली हे खालच्या डिस्कला कळवणं. पन्नास विभागांच्या पन्नास व्हीएम एकाच साच्यातून काढल्या असतील तर सगळ्या साधारण एकाच सुमारास ट्रिम पाठवतात. आणि रोज रात्री ठरावीक वेळी मशीन मंदावतं, पण रीड-ओन्ली मात्र अधूनमधूनच होतं, असं असेल तर पहिला संशय बॅकअपवर घ्या.

वेळा जुळवताना एक काळजी घ्या. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय होस्टचे लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात आणि व्हीएममधले लॉग बहुधा स्थानिक वेळेत. हा फरक लक्षात न घेता दोन्ही शेजारी ठेवले तर ‘त्या वेळी आमच्याकडे काहीच घडलं नाही’ हे उत्तर हमखास येतं, आणि ते चुकीचं असतं.

बॅकअप, स्नॅपशॉट आणि तीस सेकंद

मला सर्वांत जास्त लिहायचंय ते याबद्दल, कारण विभागीय व्हीएमच्या बाबतीत बऱ्याचदा माग इथेच येऊन थांबतो.

रात्रीचा बॅकअप सुरू झाला की हायपरव्हायजर (होस्टवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची स्थिती, घेतो. त्या क्षणापासून मूळ डिस्क गोठवली जाते आणि नवीन लेखन वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं. बॅकअप संपला की डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळावा लागतो. बॅकअप चालू असताना व्हीएममध्ये जेवढं जास्त लेखन होईल तेवढा डेल्टा मोठा, आणि तेवढं मिसळणं लांबतं. आता मूडलच्या अभ्यासक्रमांचा स्वयंचलित बॅकअप कधी चालतो ते बघा. तो रात्रीच चालतो. लॉग रोटेशन रात्रीच, डेटाबेसचा डंपही रात्रीच. सगळ्यांनी ‘रात्री कुणी वापरत नाही’ असा विचार करून तीच वेळ निवडलेली असते. केंद्राने सगळ्या विभागांच्या व्हीएमचे बॅकअप एकाच ठोक्याला सुरू केले असतील तर खालचं स्टोरेज त्या अर्ध्या तासात गुदमरतं.

इथे तीस सेकंदांचा प्रश्न येतो. लिनक्समध्ये स्कझी (डिस्कशी बोलण्याची एक पद्धत) डिस्कला दिलेली आज्ञा पूर्ण होण्यासाठी मूळ मुदत 30 सेकंदांची असते. ती उलटली की कर्नल आज्ञा रद्द करायला बघतं, डिस्क रीसेट करतं, आणि तरीही जमलं नाही तर फाइल सिस्टीमला एरर कळवतं. स्वतःची डिस्क असलेल्या मशीनसाठी तीस सेकंद भरपूर झाले. अनेक व्हीएमचा भार वाहणाऱ्या सामायिक स्टोरेजवर वाईट रात्री ते अपुरे पडू शकतात. म्हणून व्हीएमवेअरचं टूल्स पॅकेज, म्हणजे लिनक्सवरचं ओपन-व्हीएम-टूल्स, ही मुदत 180 सेकंदांवर नेणारा युडेव्ह नियम (डिस्कसारखी उपकरणं जोडताना लागू होणारी सूचना) सोबत आणतं. संगणक केंद्राच्या साच्यातून बनलेल्या व्हीएमवर ते असतं. पण एखाद्या प्रकल्पाचं जुनं भौतिक मशीन जसंच्या तसं व्हीएममध्ये उचलून आणलं असेल, किंवा कुणा संशोधक विद्यार्थ्याने आयएसओवरून स्वतःच सिस्टीम चढवली असेल आणि तो पदवी घेऊन निघून गेला असेल, तर ते नसण्याची शक्यता मोठी. शेजारच्या विभागाची व्हीएम त्याच होस्टवर, त्याच रात्री, नुसती जरा मंदावते आणि आपली मात्र रीड-ओन्ली होते, याचा उलगडा बऱ्याचदा एवढाच असतो.

तपासायला एक ओळ पुरते: /सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउट ही फाइल वाचा. 30 दिसलं तर ओपन-व्हीएम-टूल्स बसवा, रीबूटनंतर पुन्हा वाचा आणि 180 झालंय याची खात्री करा. मुदत वाढवल्याने स्टोरेज वेगवान होत नाही, हे मात्र विसरू नका. मंद रात्र मंदच राहील. आपली व्हीएम तेवढी तग धरेल, आणि मूळ कारण शोधायला दोन्ही बाजूंना वेळ मिळेल.

केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायजरवर चित्र वेगळं दिसतं. तिथली व्हर्टिओ प्रकारची डिस्क अशी मुदत मोजून हार मानत नाही, ती थांबून राहते. त्यामुळे तिथे सर्व्हर रीड-ओन्ली होण्याऐवजी गोठल्यासारखा होतो, लोड वाढत जातो आणि डीमेसेजमध्ये ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन 120 सेकंद्स’ अशा ओळी येतात. बॅकअपच्या वेळी गेस्ट एजंटने (व्हीएमच्या आत चालणाऱ्या होस्टच्या मदतनीस प्रोग्रामने) फाइल सिस्टीम फ्रीझ केली, म्हणजे तिचं लेखन थांबवलं, आणि नंतर थॉ, म्हणजे पुन्हा मोकळी, व्हायचं राहिलं, तरीही हेच दिसतं. अशा वेळी फाइल सिस्टीम तपासणाऱ्या एफएससीकेच्या मागे लागू नका, गेस्ट एजंट आणि बॅकअपचा लॉग पाहा.

विसरलेले स्नॅपशॉट हाही इथलाच भाग. ‘मूडल अपग्रेड करण्याआधी एक स्नॅपशॉट घ्या’ असं विभाग सांगतो, केंद्र घेतं, अपग्रेड होतं, आणि स्नॅपशॉट सत्र संपेपर्यंत तसाच राहतो. एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं व्हीएमवेअरचंच सांगणं आहे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ डिस्क गेली तर एकटा डेल्टा काहीच वाचवू शकत नाही. तिकिटात स्नॅपशॉट मागतानाच तो कधी काढायचा ती तारीखही लिहा.

आत जागा, खाली खडखडाट

डीएफ म्हणतं डिस्क साठ टक्केच भरली आहे, तरीही लेखन अडतं. हे थिन प्रोव्हिजनिंगमुळे होतं. केंद्राने प्रत्येक विभागाला 200 जीबी देऊ केलेले असतात, पण प्रत्यक्षात जेवढं लिहिलं जाईल तेवढीच जागा खाली खर्च होते. सगळ्यांनी मिळून पूल (ही सामायिक जागा) भरला की ज्याचं लेखन त्या क्षणी आलं तो अडकतो, मग त्याची स्वतःची डिस्क अर्धी रिकामी का असेना. एलव्हीएमचा (लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थापकाचा) थिन पूल भरल्यावर लेखन मूळ सेटिंगप्रमाणे 60 सेकंद रांगेत थांबतं आणि मग एरर येते. पूल आपोआप वाढवण्याची सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते. केव्हीएमसोबत व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयूला स्वतःला ‘जागा नाही’ असं उत्तर मिळालं तर तो व्हीएम पॉज करून ठेवतो, आणि विभागाला वाटतं सर्व्हर मेला.

व्हीएममध्ये फाइली खोडल्या म्हणून पूलला जागा परत मिळत नाही, त्यासाठी ट्रिम खालपर्यंत पोहोचावा लागतो. एफएसट्रिम कमांड व्ही पर्यायासह हाताने चालवा. ‘डिस्कार्ड ऑपरेशन सपोर्टेड नाही’ या अर्थाचं उत्तर आलं तर व्हर्च्युअल डिस्कवर डिस्कार्ड चालू करायला केंद्राला सांगा. जुना स्नॅपशॉट उघडा असेल तर त्यात अडकलेली जागा ट्रिम करूनही सुटत नाही, म्हणून आधी तो काढायला हवा.

पूल किती भरला आहे हे विभागाला दिसत नाही. माझ्या मते ते दिसायला हवं. निदान 80 टक्के ओलांडल्यावर सगळ्या विभागांच्या तांत्रिक संपर्क व्यक्तींना मेल जावा. सामायिक जागेची माहिती एकाच बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूकडून शिस्तीची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

तिकिटात काय लिहायचं

‘सर्व्हर पुन्हा बंद पडला, कृपया लवकर बघा’ या ओळीवर केंद्रातला माणूस रीबूटखेरीज काही करू शकत नाही. त्याऐवजी व्हीएमचं नाव, पहिल्या एररची नेमकी वेळ टाइम झोनसह, डीमेसेजमधल्या त्याआधीच्या वीस-एक ओळी आणि मागच्या बिघाडांच्या तारखा द्या. मग थेट विचारा: त्या वेळी या व्हीएमचा बॅकअप किंवा स्नॅपशॉट मिसळणं चालू होतं का? डेटास्टोअरची (व्हीएमच्या डिस्क जिथे असतात त्या स्टोरेजची) लेटन्सी, म्हणजे उत्तर द्यायला लागणारा वेळ, किती होती? पूल किती भरला होता? व्हीएम त्या सुमारास दुसऱ्या होस्टवर हलली का? आत्ता किती स्नॅपशॉट उघडे आहेत? या प्रश्नांची उत्तरं केंद्राच्या कन्सोलवर मिनिटांत सापडतात. ती शोधायला कुणीतरी सांगावं लागतं, एवढंच.

पुन्हा सुरू करताना

पुरावा हातात आला की रीबूट करा, पण फाइल सिस्टीम तपासूनच. पूलमध्ये जागा आहे याची खात्री करून आधी सद्यःस्थितीचा स्नॅपशॉट घ्यायला सांगा, म्हणजे दुरुस्ती उलटली तर मागे येता येईल. एक्स्ट4 असेल तर बूटच्या ओळीत ‘एफएससीके.मोड=फोर्स’ जोडा, किंवा रेस्क्यू आयएसओवरून माउंट न करता ई2एफएससीके चालवा. एक्सएफएसला एक्सएफएस-रिपेअर लागतं. त्याचा मोठ्या एल चा पर्याय जर्नल फेकून देतो, तो दुसरं काहीच उरलं नाही तरच वापरा. मायएसक्यूएलच्या टेबल-प्रकारांपैकी इनोडीबी बहुधा स्वतःला सावरतो, मायआयसॅमची टेबलं मात्र हाताने तपासावी लागतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस 2019 पासूनच्या आवृत्त्यांत एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का लिहिण्याची आज्ञा) फसलं की मुद्दाम पॅनिक होऊन थांबतो, त्याने घाबरू नका. ती त्याची सुरक्षित वागणूक आहे. सगळं सुरू झाल्यावर दुरुस्तीचा स्नॅपशॉट काढून टाकायला सांगा.

त्याच दिवशी आणखी दोन कामं उरका. लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉगला कर्नलचे संदेश दुसऱ्या मशीनवरही पाठवायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी स्थानिक डिस्क बंद पडली तरी ओळी नेटवर्कवरून बाहेर पोहोचलेल्या असतील. आणि देखरेख बदला. रीड-ओन्ली सर्व्हर पिंगला उत्तर देतो, मुखपृष्ठही दाखवतो, त्यामुळे नेहमीची तपासणी त्याला निरोगी ठरवते. दर पाच मिनिटांनी प्रत्येक विभाजनावर एक छोटी फाइल लिहून परत वाचणारी तपासणी लावा.

बॅकअपची वेळ सरकवली, मुदत 180 केली, स्नॅपशॉट काढला, तरी तिकीट लगेच बंद करू नका. बिघाड ज्या चक्रात येत होता ते पूर्ण चक्र जाऊ द्या: दुसऱ्या रविवारचा असेल तर पुढचा दुसरा रविवार, सत्राच्या शेवटचा असेल तर स्वाध्याय जमा करण्याची शेवटची रात्र. त्या रात्रीचा डेटास्टोअर लेटन्सीचा आलेख केंद्राकडून मागवून घ्या आणि आपल्या तपासणीच्या नोंदींशेजारी ठेवून पाहा. लेटन्सीचा उंचवटा अजून तिथेच असेल तर व्हीएम वाचली असली तरी काम बाकी आहे, आणि ते केंद्राच्या बाजूचं आहे.